न्यावे की उभे ठेवावे: आर्टेमिस-१ आणि सहा आठवड्यांतली दोन वादळे

२६ सप्टेंबर २०२२ रोजी फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्रात नासाच्या अधिकाऱ्यांनी आर्टेमिस-१ या चांद्रमोहिमेचे ९८ मीटर उंचीचे एसएलएस (स्पेस लाँच सिस्टिम) रॉकेट पॅडवरून, म्हणजे उड्डाणाच्या चौथऱ्यावरून, काढून इमारतीत परत नेण्याचा निर्णय घेतला, कारण इयान नावाचे चक्रीवादळ क्यूबाच्या दिशेने सरकत होते आणि तिथून ते फ्लोरिडाकडे वळणार हे स्पष्ट झाले होते. त्यानंतर सहा आठवड्यांनी निकोल नावाचे दुसरे वादळ फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याकडे येत असताना त्याच संस्थेने तेच रॉकेट पॅडवरच उभे ठेवले. पहिले वादळ दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठे होते, एवढ्यावर हा फरक सोडून दिला तर प्रकरण दोन ओळींत संपते. पण निकोलच्या रात्री पॅडवर मोजलेला वारा रॉकेटच्या ठरवलेल्या मर्यादेच्या अगदी लगत जाऊन आला होता, हे लक्षात घेतले की तो प्रश्न पुन्हा उघडावा लागतो.

मी मुंबईत उंच इमारतींच्या बांधकामावर नियोजनाचे काम पाहतो. दर वर्षी एप्रिलअखेरीस आमच्या साइटवर पावसाळापूर्व तयारीची बैठक होते आणि तिच्यात मी हे प्रकरण तरुण सहकाऱ्यांसमोर मांडतो. रॉकेट हा आमच्या कामाचा विषय नाही. मात्र उंच, सडपातळ आणि झटपट हलवता न येणारी वस्तू वाऱ्यात उभी असताना तिचे काय करायचे, हा प्रश्न वडाळ्यापासून बोरिवलीपर्यंत टॉवर क्रेनखाली काम करणाऱ्या प्रत्येक माणसाचा आहे. या प्रकरणातले बहुतेक आकडे आणि वेळा जाहीर झालेल्या असल्यामुळे ते तपासून पाहता येते, आणि आमच्या स्वतःच्या कामाच्या बाबतीत असे क्वचितच घडते.

रॉकेट हलवणे म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. एसएलएसची जुळणी व्हेइकल असेंब्ली बिल्डिंग या १६० मीटर उंचीच्या इमारतीत होते. तिथून ३९-बी या पॅडपर्यंतचे अंतर सुमारे ६.८ किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने सीएसएमटीहून जेमतेम परळपर्यंत. रॉकेट एकटे जात नाही. ते ज्या पोलादी मनोऱ्याला टेकून उभे असते तो मोबाइल लाँचरही सोबत जातो, आणि हे सगळे ओझे खालून उचलून नेते ते क्रॉलर नावाचे वाहन. हे वाहन १९६५ च्या सुमाराचे, अपोलो मोहिमांसाठी बांधलेले आहे. त्याचे स्वतःचे वजन तीन हजार टनांच्या आसपास असून पुढे त्याची ताकद वाढवून आठ हजार टनांहून अधिक भार उचलण्याइतकी करण्यात आली. त्याला चाके नाहीत, रणगाड्यासारखे आठ पट्टे आहेत आणि प्रत्येक पट्ट्यात ५७ पोलादी पायटे, म्हणजे जमिनीला टेकणारे जाड तुकडे, आहेत. एकेका पायट्याचे वजन साधारण एक टन भरते. ते ज्या रस्त्यावरून चालते त्यावर नदीतला गोल गोटा पसरलेला असतो, कारण तो गोटा पायट्याखाली चिरडला जाऊन घर्षण कमी करतो आणि पोलाद घासले तरी ठिणगी उडू देत नाही. पॅडकडे जाणारा चढ पाच टक्क्यांचा आहे. त्या चढावर क्रॉलरचे कोपरे सतत वरखाली करून वरचा सांगाडा ओळंब्यात ठेवावा लागतो. ओझ्यासह त्याचा वेग ताशी दीड किलोमीटरपर्यंतही पोहोचत नाही.

हा प्रवास रात्रभराचा असतो, पण त्याची तयारी त्याहून फार मोठी असते. रॉकेट आणि मनोरा यांच्यामधल्या जोडण्या सोडवाव्या लागतात, रॉकेटच्या टोकावरील ओरायन अंतराळयानाची आणि इंधनटाक्यांच्या टप्प्यांची वीज ठरलेल्या क्रमाने बंद करावी लागते, अंतराळवीरांच्या वाटेचा पूल मागे वळवून बांधावा लागतो, क्रॉलर खाली आणून लाँचर उचलून घ्यावा लागतो. निर्णय झाल्यापासून रॉकेट इमारतीत पोहोचेपर्यंत सुमारे तीन दिवस धरावे लागतात. या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा हाच आहे.

त्याच्या जोडीला दोन मर्यादा आहेत. पॅडवर उभे असताना एसएलएस जमिनीपासून ६० फुटांवर मोजलेल्या ताशी १३७ किलोमीटर वेगाच्या झोतापर्यंत टिकेल, असे त्याचे आरेखन आहे. क्रॉलरवर असताना मात्र सलग वाऱ्याची मर्यादा ४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटर आहे. पॅडकडे नेण्यासाठी तर विजेची अटही आहे: प्रवासाच्या काळात ३७ किलोमीटरच्या परिघात वीज पडण्याची शक्यता दहा टक्क्यांहून अधिक असेल तर निघायचे नाही. एक मर्यादा झोताची, म्हणजे क्षणभराच्या जोराची, आहे आणि दुसरी सलग वाऱ्याची, त्यामुळे दोन्ही आकडे सरळ एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणे बरोबर होणार नाही. तरीही त्यांतून निघणारी गोष्ट नि:संशय आहे. उभ्या रॉकेटला वारा धोकादायक व्हायच्या कितीतरी आधी त्याला हलवणे अशक्य होते. पळवाट संकटाच्या आधी बंद होते, आणि ती बंद होताना बाहेरचे आभाळ अजून बरे दिसत असते.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईच्या किनाऱ्यापासून समुद्रातून उत्तरेकडे गेले, त्याच्या आदल्या दिवशी आमच्या क्रेन ऑपरेटरने मला खालून वॉकीटॉकीवर विचारले होते, "साहेब, वरच्या स्लॅबवरचा शटरिंगचा माल आजच उतरवून घेऊ. उद्या माझी क्रेनच चालायची नाही, मग हातानं कोण उतरवणार?" मी त्यांना म्हणालो, "मामा, संध्याकाळचं वेधशाळेचं पत्रक येऊ दे, मग ठरवू." बहुतेक टॉवर क्रेन वारा ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास गेला की थांबवाव्याच लागतात, आणि आमची तर दुसऱ्या दिवशी सकाळीच थांबवावी लागली. माल उतरवायला क्रेन लागते आणि वाऱ्यात सर्वांत आधी बंद पडते ती क्रेनच, ही साधी गोष्ट मला ठाऊक होती, पण तिच्यावरून मी वेळेचा हिशेब केला नव्हता. त्या दिवशी प्लायवूडच्या फळ्या उडून शेजारच्या रस्त्यावर पडल्या. रस्ता रिकामा होता म्हणून कोणाला इजा झाली नाही. वेधशाळेचा अंदाज चुकलेला नव्हता. त्या अंदाजाची वाट पाहण्यात मी जे तास घालवले ते चुकलेले होते.

आता सप्टेंबरकडे येतो. रॉकेट १७ ऑगस्टपासून पॅडवर उभे होते. २९ ऑगस्टचा प्रयत्न एका इंजिनाच्या तापमानाच्या नोंदीमुळे रद्द झाला, ३ सप्टेंबरचा द्रवरूप हायड्रोजनच्या गळतीमुळे. गळतीची जागा पॅडवरच दुरुस्त करून २१ सप्टेंबरला टाक्या भरण्याची चाचणी झाली आणि २७ सप्टेंबर ही नवी तारीख ठरली. २३ सप्टेंबरला कॅरिबियन समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला आणि त्या रात्रीपर्यंत त्याला इयान हे नाव मिळाले. हवामानाची संगणकीय प्रारूपे त्या वेळी एकमत नव्हती: काही वादळाला फ्लोरिडाच्या वायव्य टोकाकडे नेत होती, तर काही टँपाच्या बाजूने द्वीपकल्पाकडे.

२४ सप्टेंबर, शनिवार. नासाने २७ ची तारीख सोडून दिली, परंतु रॉकेट मागे न्यायचे की नाही हे तेव्हा ठरवले नाही. त्याऐवजी तयारीचे असे टप्पे आधी सुरू केले गेले की ते पूर्ण झाले तरी पॅडवर राहण्याचा पर्याय मोडत नाही. रविवारी पुन्हा बैठक झाली आणि निर्णय सोमवारवर गेला. सोमवारी, २६ तारखेला सकाळी, परत न्यायचे हे पक्के झाले. त्याच रात्री ११ वाजून २१ मिनिटांनी क्रॉलर हलला. मुंबईत तेव्हा घटस्थापनेनंतरच्या मंगळवारची सकाळ होती आणि पावणेनऊ वाजून गेले होते. फ्लोरिडात मंगळवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास रॉकेट इमारतीत सुरक्षित पोहोचले. २८ सप्टेंबरला इयान नैऋत्य फ्लोरिडातील कायो कोस्टा येथे चौथ्या श्रेणीचे वादळ म्हणून, ताशी सुमारे २४० किलोमीटरच्या वाऱ्यासह धडकले, द्वीपकल्प ओलांडून गेले आणि २९ ला केप कॅनव्हेरलच्या जवळून अटलांटिक महासागरात बाहेर पडले.

शनिवार ते मंगळवार: तीन दिवस. म्हणजे अंतिम निर्णय सोमवारी झाला असे कागदावर दिसत असले तरी प्रत्यक्षात घड्याळ शनिवारीच सुरू केले गेले होते. सोमवारी सकाळी शून्यापासून सुरुवात केली असती तर गुरुवार उजाडला असता, आणि गुरुवारी वादळ केंद्राच्या दारात होते. त्या काळात या दिरंगाईवर टीका झाली होती, आणि मीही सुरुवातीला त्या बाजूचा होतो. आता मला तसे वाटत नाही. निर्णय लांबवणे आणि तयारी लांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नासाने पहिली केली, दुसरी केली नाही. मी तौक्तेच्या आदल्या दिवशी दोन्ही केल्या होत्या.

या निर्णयामागे आणखी दोन कारणे होती, ज्यांची चर्चा कमी होते. रॉकेट भरकटल्यास ते नष्ट करणाऱ्या यंत्रणेच्या बॅटऱ्यांची मुदत संपत आली होती. ती वाढवून घ्यावी लागली होती, आणि त्या बदलण्याचे काम इमारतीतच होऊ शकत होते. म्हणजे परत नेण्याची किंमत काही प्रमाणात तशीही मोजावी लागणारच होती. दुसरे कारण नासाने स्वतः जाहीर केले होते: कर्मचाऱ्यांना वादळाआधी आपापल्या घरच्यांची व्यवस्था लावण्यासाठी वेळ मिळावा. आपल्याकडे साइटवर राहणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या या हिशेबात सहसा शेवटी येतात. तिथे तो मुद्दा रॉकेटच्या सुरक्षिततेच्या बरोबरीने एकाच वाक्यात आला होता. माझ्या दृष्टीने हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय आहे.

इयानच्या वाऱ्यात रॉकेट पॅडवर टिकले असते का, असा प्रश्न दर वर्षी बैठकीत कोणीतरी विचारते. तो प्रश्न निरर्थक नाही, पण त्याच्या उत्तराने २६ तारखेचा निर्णय बरोबर किंवा चूक ठरत नाही. मार्गाचा अंदाज शेवटच्या दोन दिवसांतही सरकत होता, आणि चौथ्या श्रेणीच्या वादळाच्या मार्गातली शंभर किलोमीटरची चूक ही चूक मानली जात नाही.

नोव्हेंबरची गोष्ट वेगळ्या जागी सुरू होते. ३ नोव्हेंबरच्या रात्री ११ वाजून १७ मिनिटांनी रॉकेट इमारतीतून पुन्हा बाहेर निघाले. मार्चपासूनची ती सातवी फेरी होती, आणि प्रत्येक फेरीत रॉकेटला बसणाऱ्या हादऱ्यांचा हिशेब ठेवावा लागत होता. ४ तारखेला सकाळी साडेआठला ते पॅडवर पोहोचले. उड्डाण १४ नोव्हेंबरला होते. बाहेर काढताना कॅरिबियन भागात नाव मिळण्याइतके वादळ तयार होण्याची शक्यता सुमारे ३० टक्के वर्तवली जात होती. चक्रीवादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत असला तरी महिन्याच्या सुरुवातीला फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर पूर्ण वादळ येणे दुर्मीळ असते. शनिवार-रविवारी चित्र पालटले आणि सोमवारी, ७ तारखेला, निकोल हे नाव जाहीर झाले.

आता तेच तीन दिवस मोजावेत. रविवारी रात्री ठरवले असते तरी बुधवारची रात्र झाली असती, आणि बुधवारी संध्याकाळी निकोल पहिल्या श्रेणीचे चक्रीवादळ झाले. हलवण्याची मर्यादा ७४ किलोमीटर. वादळाची बाहेरची कडा ती मर्यादा केंद्रबिंदू पोहोचण्याच्या पुष्कळ आधी ओलांडते. अर्ध्या वाटेत, गोट्यांच्या रस्त्यावर, क्रॉलरवर उभे असलेले रॉकेट आणि वाढता वारा, ही त्या आठवड्यातली सर्वांत वाईट शक्यता होती. अंदाजानुसार पॅडवरचा वारा आरेखनाच्या मर्यादेत राहणार होता. म्हणून ते तिथेच ठेवले. उड्डाण १६ नोव्हेंबरवर नेले. यानाची आणि सर्व टप्प्यांची वीज बंद केली, यानाच्या वरच्या बचाव-यंत्रणेच्या खिडकीवर कडक झाकण बसवले, पूल मागे वळवून बांधला, आणि सैल वस्तू व कचरा शोधण्यासाठी माणसे पॅडभर फिरली. शेवटच्या कामाचे वर्णन वाचताना मला आमची परांची, ताडपत्र्या आणि कोपऱ्यात राहून गेलेले पत्र्याचे तुकडे आठवतात.

१० नोव्हेंबरच्या पहाटे निकोल केंद्राच्या दक्षिणेला व्हेरो बीचजवळ किनाऱ्यावर आले. पॅडवरील ६० फुटांच्या पातळीवर ताशी १३२ किलोमीटरचा झोत नोंदवला गेला. मर्यादा १३७ ची. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे धरून हिशेब केला तर रॉकेटने त्या रात्री ठरवलेल्या दाबाच्या सुमारे ९३ टक्के दाब सोसला. विजेपासून संरक्षण देणाऱ्या उंच मनोऱ्यांवर, ४६७ फुटांच्या पातळीवर, झोत ताशी १६० किलोमीटरपर्यंत गेले. हा दुसरा आकडा ऐकून लोक दचकतात. पण मर्यादा ६० फुटांच्या मोजमापाशी बांधलेली असते आणि उंचीबरोबर वारा वाढतो हे आरेखनात आधीच धरलेले असते, त्यामुळे मर्यादा ओलांडली गेली असा त्याचा अर्थ होत नाही. कोणत्या उंचीवरचा वारा, हे न विचारता वाऱ्याचा आकडा वापरणे ही आमच्या साइटवरचीही रोजची चूक आहे: खाली गेटजवळ पान हलत नाही आणि चाळिसाव्या मजल्यावर माणसाला उभे राहता येत नाही.

नुकसान थोडे झाले. काही आच्छादने आणि एका विद्युत जोडणीची दुरुस्ती, आणि यानाच्या वरच्या भागातील एका सांध्यावरची सीलंटची पातळ पट्टी सुमारे तीन मीटर लांबीत सुटलेली. ही पट्टी क्षुल्लक वाटते. तिचे काम एवढेच की त्या जागी सांध्याची पायरी राहू नये आणि हवा सपाट पृष्ठभागावरून वाहावी. पण उरलेला तुकडा उड्डाणात सुटून खाली रॉकेटवर आदळला तर काय, याचे विश्लेषण पूर्ण होईपर्यंत उड्डाणाला अंतिम होकार दिला गेला नाही. ती पट्टी पॅडवर दुरुस्त करता येत नव्हती, म्हणून धोका मोजून स्वीकारला गेला. १६ नोव्हेंबरला मध्यरात्रीनंतर १ वाजून ४७ मिनिटांनी, मुंबईत दुपारी १२ वाजून १७ मिनिटांनी, आर्टेमिस-१ निघाले, आणि ११ डिसेंबरला ओरायन यान पॅसिफिक महासागरात उतरले.

मग चूक कुठे झाली, आणि झाली का? ७ नोव्हेंबरचा उभे ठेवण्याचा निर्णय माझ्या मते निर्दोष होता, कारण त्या दिवशी दुसरा सुरक्षित पर्यायच उरला नव्हता. खरा निर्णय ३ तारखेच्या संध्याकाळी झाला. नासाच्या अन्वेषण-यंत्रणा विकास विभागाचे तेव्हाचे प्रमुख जिम फ्री यांनी ११ नोव्हेंबरला पत्रकारांना सांगितले की चक्रीवादळ येणार हे रॉकेट बाहेर काढण्याच्या आदल्या रात्री ठाऊक असते तर आम्ही बहुधा इमारतीतच थांबलो असतो. हे प्रांजळ आहे, परंतु मला ते अपुरे वाटते. ज्या वस्तूला आत घ्यायला तीन दिवस लागतात, तिला बाहेर काढताना विचारायचा प्रश्न "आज हवा कशी आहे" हा नसून "येत्या चार-पाच दिवसांत काय उद्भवू शकते" हा असतो, आणि ३० टक्के हा आकडा त्या प्रश्नाला लहान नाही. दुसऱ्या बाजूने हेही मान्य केले पाहिजे की प्रत्येक ३० टक्क्यांना थांबायचे ठरवले तर फ्लोरिडात जून ते नोव्हेंबर काहीच उडणार नाही. मी थांबलो असतो असे मला वाटते. पण माझे दोन अनुभवी सहकारी दर वर्षी माझ्याशी यावर सहमत होत नाहीत, आणि त्यांचा मुद्दा मला अजून पूर्णपणे खोडून काढता आलेला नाही.

मुंबईनेही एकदा हे गणित बरोबर केले होते, हे सांगायला मला आवडते. त्याच तौक्ते वादळाच्या दोन दिवस आधी महापालिकेने बीकेसी, दहिसर आणि मुलुंड येथील जंबो कोविड केंद्रांतून सुमारे ५८० रुग्ण इतर रुग्णालयांत हलवले. ऑक्सिजनवरचा रुग्ण हलवायला किती माणसे, किती रुग्णवाहिका आणि किती तास लागतात हे त्यांनी आधी मोजले असणार. मंडपवजा केंद्राला वारा झेपेल का, याची वाट पाहत ते बसले नाहीत. १७ मेच्या पावसात ते रुग्ण हलवता आले नसते.

आमच्या साइटच्या वादळ-तक्त्यात पूर्वी पहिल्या रकान्यात वेधशाळेचा इशारा असे आणि पुढे त्यावरची कृती. २०२३ पासून पहिला रकाना ऑपरेटर आणि रिगर (क्रेनला माल बांधणारा) मिळून भरतात: वरच्या स्लॅबवरचा सैल माल क्रेनने उतरवायला लागणारे तास. यंदा तो आकडा चौदा आहे. वारा ७२ च्या पुढे जाण्याची वर्तवलेली वेळ घेऊन त्यातून चौदा तास वजा केले जातात, आणि जी वेळ येते ती क्रेनखालच्या फळ्यावर खडूने लिहिली जाते.